पाठकोरे कागद

आमच्या घरच्या प्रिंटरच्या झाकणावर अजून कुंकवाचा डाग आहे. ओल्या फडक्याने पुसून पाहिला, रॉकेल लावून पाहिलं, जात नाही. यंत्र बंद पडून कितीतरी वर्षं झाली. त्याला लागणारी शाईची डबी आता कुठेच मिळत नाही. बायको म्हणते, भंगारवाल्याला देऊन टाका. मी देत नाही. तिला वाटतं, मला वस्तूंचा मोह आहे. खरं कारण मी तिला कधी सांगितलं नाही. त्या यंत्राच्या जोरावर मी माझ्या थोरल्या काकांना त्यांच्या जागेवरून उठवलं होतं, आणि उठवताना चेहरा मात्र उपकार करणाऱ्याचा ठेवला होता.

आमचं गाव गोव्यातलं, पेडणे तालुक्यातलं. वर्षाला एक जत्रा आणि जत्रेला एक नाटक, गावच्याच माणसांनी केलेलं. आम्ही घरात बोलतो कोंकणी, भांडतो कोंकणीत, म्हशीला हाक मारतो तीही कोंकणीत. पण देवाची आरती, लग्नाची पत्रिका आणि जत्रेचं नाटक मराठीत. बाहेरच्या माणसाला हे समजावता समजावता दमायला होतं, म्हणून आम्ही समजावत नाही. भाषेचं आंदोलन पेटलं तेव्हा मी तरुण होतो आणि मराठीच्या बाजूने घसा बसेपर्यंत ओरडलो होतो. आमच्या घरासमोरचा दुकानदार कोंकणीच्या बाजूने तितकाच ओरडला होता. त्या वर्षी आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो. जत्रेच्या नाटकात मात्र तो राजा होता आणि मी द्वारपाल, आणि दोघेही एकमेकांशी स्वच्छ मराठीत बोललो, कारण तसं लिहून दिलेलं होतं.

लिहून देणारे थोरले काका. माझ्या वडिलांचे मोठे भाऊ, मराठी शाळेतले निवृत्त मास्तर. त्यांनी स्वतः रचलेली चार-पाच नाटकं होती, ती आलटून पालटून व्हायची. सगळ्यांत राजा असे, सेनापती असे, फितुरी असे, आणि शेवटी सगळ्यांना पश्चात्ताप होई. पण काकांचं खरं काम नाटक रचणं हे नव्हतं. नकला काढणं हे होतं. नक्कल म्हणजे एकेका नटासाठी वेगळी काढलेली प्रत. तिच्यात त्या नटाची तेवढी वाक्यं, आणि प्रत्येक वाक्याच्या आधी समोरच्याच्या बोलण्याचे शेवटचे दोन-तीन शब्द, आपली पाळी कळावी म्हणून. पूर्ण नाटक फक्त काकांच्या वहीत. निळ्या शाईत, पोथीसारख्या अक्षरात काका दरवर्षी नकला उतरवायचे, पांढऱ्या दोऱ्याने शिवायचे, आणि देवळात नारळासोबत एकेकाच्या हातात द्यायचे. तालमीही ज्याचा प्रवेश त्याच्यापुरत्या. प्रयोगाच्या दिवशी ते विंगेत खुर्ची टाकून वही मांडीवर घेऊन बसत, आणि कोणी अडखळला की पुढचा शब्द हळूच सोडत.

त्या वर्षापर्यंत त्यांचा हात थोडा कापायला लागला होता. नकला द्यायच्या दोन महिने आधी मी त्यांच्या घरी गेलो होतो. सोप्यावर बसून त्यांनी आदल्या वर्षीची एक नक्कल माझ्यासमोर धरली.

“वाचूंक येता मरे अजून?”

“येतं,” मी म्हणालो. “पण…”

त्या ‘पण’च्या पुढे मी काहीच बोललो नाही. बोलायची गरजच नव्हती. काकांनी नक्कल दुमडून बाजूला ठेवली. मग मी घाईघाईने, अगदी प्रेमळ आवाजात, सांगून टाकलं की काका, यंदा तुम्ही त्रास घेऊ नका, मी प्रिंटर आणतो, सगळं छापून देतो. ते म्हणाले, “बरें जालें. दोळ्यांक तरास उणो.” आणि वही माझ्या हातात दिली. मेजावर कोऱ्या फुलस्केप कागदांचा गठ्ठा आणि शाईची नवी बाटली आणून ठेवलेली होती. ती मी पाहिली. पाहिली नाही असं दाखवलं.

आता खरं सांगायचं तर काकांच्या डोळ्यांची मला तेवढी काळजी नव्हती. मी तुयेच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात कारकून होतो. ऑफिसने काढून टाकलेला एक संगणक मी घरी आणला होता आणि तो नुसता पत्ते खेळण्यापुरता उरला होता. गावात संगणक असलेला मी एकटा, आणि ते गावाला पुरेसं जाणवत नव्हतं. गोवा राज्य होऊन दहा-बारा वर्षं उलटली, जग पुढे गेलं, आणि आमचं नाटक अजून दोऱ्याने शिवलेलं, असं मी तावातावाने बोलत असे. बायकोला सांगितलं, मुलीच्या शाळेच्या प्रकल्पांसाठी लागेल. मुलगी तेव्हा दुसरीत होती.

प्रिंटर म्हापशाहून आणला. दुकानातला विक्रेता म्हणाला, “सर, यातून फोटोसुद्धा निघतो.”

“मला नाटक छापायचंय.”

“नाटकसुद्धा निघतं, सर.”

खोकं मांडीवर घेऊन बसमधून आलो. शेजारच्या बाईंनी विचारलं, टीव्ही काय? मी म्हटलं, प्रिंटर. त्यांनी सहानुभूतीने मान हलवली. घरी येऊन खोकं उघडलं. थर्माकोल निघाला, प्लास्टिकच्या पिशव्या निघाल्या, अठरा भाषांतलं माहितीपुस्तक निघालं, त्यात मराठीही नव्हती आणि कोंकणीही नव्हती. आंदोलन करताना आम्हाला या शक्यतेचा विचार सुचला नव्हता. आणि संगणकाला जोडायची वायर निघाली नाही. थर्माकोलाचे तुकडेसुद्धा झटकून पाहिले. दुसऱ्या दिवशी कारखान्यातून दुकानाला फोन केला.

“वायर वेगळी घ्यावी लागते, सर. सगळ्यांचीच वेगळी येते.”

“मग काल का नाही सांगितलं?”

“काल तुम्ही विचारलं नाही, सर.”

कुलूप विकणारा कधी किल्ली वेगळी विकतो का, असं मी त्याला सुनावलं. म्हणजे फोन ठेवल्यावर सुनावलं. पुढच्या शुक्रवारी बाजाराच्या गर्दीत पुन्हा म्हापसा गाठला आणि वायर आणली.

जोडणी झाली तशी आई पुढे आली. नवी स्कूटर आणली तेव्हा पूजा केली होती, मग याची नको? मला नाही म्हणवलं नाही; शिवाय समोरचा दुकानदार जनेलाच्या गजांतून बघत होता आणि मला तो सोहळा हवाच होता. आईने झाकणावर कुंकू लावलं, जास्वंद ठेवलं, नारळ वाढवला, आणि वरून मूठभर अक्षता टाकल्या. कागद घालायची खाच मागच्या बाजूला आ वासून उघडी होती. तीन-चार दाणे तिच्यात गेलेले मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. मनात आलं, तीन-चार दाण्यांनी काय होतंय.

पहिला कागद सुरेख निघाला. रंगीत चौकोन, आणि इंग्रजीत अभिनंदन, की तुम्ही प्रिंटर योग्य रीतीने बसवला आहे. माझ्या आयुष्यात मला मिळालेलं ते पहिलं अभिनंदनपत्र. आईने ते देवासमोर ठेवलं.

मग मी नाटक टाईप करायला घेतलं. महिनाभर रोज, एका बोटाने. पडद्यावर सगळं व्यवस्थित मराठीत दिसत होतं. छापायला दिलं तर कागदावर इंग्रजी अक्षरांचा, टिंबांचा आणि उद्गारचिन्हांचा खच आला. सेनापती प्रवेश करतो आणि तीन डॉलर बोलतो. समोरचा दुकानदार चहापत्तीची पुडी द्यायला आला होता, त्याने कागद उचलून उजेडात धरला.

“हें कितें?”

“नाटकाचं पहिलं पान.”

त्याने दोन ओळी मोठ्याने वाचायचा प्रयत्न केला. मग म्हणाला, “मराठी मराठी म्हणून इतलीं वर्सां बोब मारली मरे तुवें. आनी तुजें यंत्र रोमी निघालें!”

रोमी म्हणजे रोमन अक्षरांत लिहिलेली कोंकणी. हा विनोद दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गावभर झाला. मी आठवडाभर त्याच्या दुकानात गेलो नाही आणि साखर पेडण्याहून आणली. शेवटी कारखान्यातल्या एका सहकाऱ्याने सांगितलं की कुठल्याशा यादीतली एक खूण काढून टाका. काढली, आणि मराठी आली. कशाने आली ते त्यालाही माहीत नव्हतं.

दुसरं पान निघाल्यावर यंत्र कर्रर्र करून थांबलं. कागद अडकला. ओढून काढला तर पंख्यासारखी चुण्या पडलेली घडी निघाली. पुन्हा घातला, पुन्हा तेच. रविवारभर मी कागद घालत होतो आणि पंखे काढत होतो. सोमवारी रजा टाकली, प्रिंटर मांडीवर घेतला आणि पुन्हा म्हापशाच्या बसमध्ये बसलो. दुकानातल्या मेकॅनिकने झाकण उघडलं, बारीक चिमटा आत घातला आणि एक दाणा बाहेर काढून तळहातावर ठेवला. मग दुसरा. तिसरा कुंकवाने लाल झालेला होता.

“दादा, हांत तांदूळ कित्याक?”

मी उघड्या झाकणावरचं कुंकू हाताने झाकलं.

“उकडे न्हय, सुरय दिसतात,” तो तांदळाची जात पारखत म्हणाला. त्याने वहीत बिघाडाच्या रकान्यात ‘तांदूळ’ असं लिहिलं आणि वर सांगितलं की वॉरंटीत तांदूळ येत नाही. मी त्याला म्हणालो, मुलीने टाकले असतील. दुसरीतल्या मुलीवर आणि आईच्या पूजेवर एकाच वाक्यात खोटं बोललो. ते अजून आठवतं, बिघाडाच्या रकान्यातल्या त्या शब्दासकट.

आता वेळ उरला नव्हता. एकेका नटाची वाक्यं वेगळी काढून नकला करायच्या तर नाटक सात वेळा कापून जोडावं लागलं असतं, आणि एक ओळ हलवली की त्या संगणकावर पुढची दहा हलत. मी ठरवलं, पूर्ण नाटकच सगळ्यांना द्यायचं. आळसाला मी लगेच तत्त्व शोधून दिलं: प्रत्येकाला संपूर्ण नाटक माहीत असणं हीच लोकशाही. अक्षर बारीक केलं तेव्हा ते वीस पानांत बसलं. इतकं बारीक, की काकांच्या कापऱ्या अक्षराची तक्रार करणाऱ्यांनाही ते चष्म्याशिवाय वाचता आलं नसतं. तीन प्रती काळ्या निघाल्या. मग काळी शाई संपली. नव्या प्रिंटरसोबत डबी अर्धीच भरून देतात, हे दुकानातल्या विक्रेत्याने मी फोन केल्यावर सांगितलं. आधी मी विचारलं नव्हतं. उरलेल्या चार प्रती यंत्राने रंगीत डबीतून आपल्या मर्जीने काढल्या, गुलाबी.

सात प्रती मी देवळात वाटल्या. नारळही दिले. काकांना निरोप पाठवला होता, ते आले नाहीत. त्यांची खुर्ची कोणीतरी भिंतीला लावून ठेवली होती, तिच्यावर मी उरलेले नारळ ठेवले.

पहिला आवाज सेनापतीचा. तो शिरगावच्या खाणीवर ट्रक चालवायचा, मूळचा दोडामार्गकडचा, आमच्या गावात घर करून राहिलेला. त्याने आपली प्रत लांब धरली, मग जवळ धरली.

“राजाक काळो नि माका गुलाबी? मी सेनापती आसंय काय राणीची दासी?”

हसणं झालं. तेवढ्यावर भागलं असतं. पण राजा, म्हणजे आमचा दुकानदार, हसत नव्हता. तो पानं उलटत होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या हातात पूर्ण नाटक आलं होतं, आणि दुकानदाराच्या सवयीने तो ओळी मोजत होता.

“तिसऱ्या प्रवेशांत हांव खंय आसां?”

“तुम्ही आत जाता,” मी म्हणालो.

“आनी हो चार पानां उलयता! आनी म्हाका कितें म्हणटा पळय: ‘दुबळा राजा, बायकोच्या पदराआड दडलेला.’ हांव कित्याक आंत वचूं? हांव हांगाच रावतां!”

“रव मा,” सेनापती म्हणाला. “तोंडार सांगतंय.”

प्रधानाला कळलं की आपण दुसऱ्या अंकात मेल्यावर पुढे कोणी आपलं नावही घेत नाही. राणीचं काम करणाऱ्या तलाठ्याला कळलं की विदूषकाला जास्त वाक्यं आहेत. अर्ध्या तासात राजाने राज्य सोडलं आणि सेनापतीने सेना. जत्रा पंधरा दिवसांवर. गुलाबी आणि काळे कागद सभामंडपाच्या फरशीवर पडले होते. तेव्हा कोणीतरी म्हणालं, “मास्तर खंय?” दोन महिन्यांत हा प्रश्न पहिल्यांदा विचारला गेला होता, आणि विचारणारा मी नव्हतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळे कागद, घरातले बिघडलेलेसुद्धा, गोळा करून काकांकडे गेलो. पाव विकणारा पोदेर नुकताच भोंगा वाजवत पुढे गेला होता; काका सोप्यावर चहात पाव बुडवून खात होते. येताना वाटेत मी एक वाक्य जुळवून ठेवलं होतं, की सगळ्या नटांना तुमचंच अक्षर हवंय. ते बोललोही. काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

“यंत्राक कितें जालें?”

मग मी सगळं सांगितलं. तांदूळ, रोमी, गुलाबी, राजाचा राजीनामा. आणि तो ‘पण’ही. त्यातून काय म्हणायचं होतं तेही सांगितलं: की मला तुमची जागा हवी होती. काकांनी पावाचा शेवटचा तुकडा संपवला. मग त्यांनी वरचा कागद घेतला, उलटा केला, आणि कोऱ्या बाजूवरून बोट फिरवलं.

“कागद बरे आसात. पाठकोरे.”

“काका, कोरा गठ्ठा आहे ना तुमचा.”

“तो शेजारच्या पोरांक दिलो गणितां करूंक.” थोड्या वेळाने म्हणाले, “म्हाका वहींतलें दिसना आतां. तूं वाच. हांव बरयतां.”

बारा दिवस मी कारखान्यातून सुटल्यावर त्यांच्या सोप्यावर बसून वही वाचली आणि त्यांनी लिहिलं. हात कापत होता. त्यांनी अक्षर मोठं केलं, एवढंच. आणि तेव्हा मला समजलं की नकलांमध्ये जे असायचं ते वहीत कधी नव्हतंच. राजाच्या नकलेत तिसऱ्या प्रवेशापाशी ते माझ्या वाचण्याची वाट न पाहता स्वतःच लिहीत होते. मी डोकावून पाहिलं: ‘राजा मुद्दाम निघून जातो. तो नसतानाही सर्वजण त्याच्याविषयीच बोलतात.’ सेनापतीच्या पहिल्या वाक्याखाली लिहिलं: ‘येथे टाळ्यांसाठी थांबावे.’ राणीच्या रडण्याखाली तेच. प्रधान मरतो तिथे तेच. विदूषकाच्या चार जागी तेच. तीस वर्षं हे गाव एकाच वाक्यावर एकत्र नाटक करत आलं होतं, आणि प्रत्येकाला वाटत होतं की ते वाक्य मास्तरांनी फक्त आपल्यासाठी लिहिलंय.

“आणि टाळ्या नाही आल्या तर?” मी विचारलं.

“नट थांबिल्लो तर आसता,” काका म्हणाले.

राजाने आपली नक्कल हातात पडली त्या संध्याकाळीच उघडली, तिसऱ्या प्रवेशावर बराच वेळ बोट ठेवून उभा राहिला, आणि म्हणाला, “आतां कशें बरें दिसता!” छापील बाजू त्याने पुन्हा उलटून पाहिली नाही. सेनापतीने आपली नक्कल ट्रकमध्ये स्टिअरिंगजवळ खोचली. पानं पाठकोरी असल्यामुळे वाऱ्याने उलटली की गुलाबी दिसायची. त्याबद्दल तो पुढे कोणाला काही बोलला नाही.

माझी नक्कल सर्वांत शेवटी लिहिली. द्वारपालाचं एकच वाक्य, आणि ते मला पंचवीस वर्षं पाठ होतं. त्याआधी दरवर्षी काका मला नक्कल देत नसत, तोंडीच सांगत. त्या वर्षी त्यांनी मला एक कागद दिला, दोऱ्याने शिवायला दुसरं पान नव्हतं तरी एक टाका घालून. घरी येऊन उघडला. ‘महाराज, सीमेवरून दूत आला आहे.’ आणि त्याखाली, मोठ्या कापऱ्या अक्षरात: ‘येथे टाळ्यांसाठी थांबावे.’

मला सगळं माहीत होतं. ते वाक्य किती जणांना दिलंय हे मीच बारा दिवस बघितलं होतं. मागच्या बाजूला माझंच ते पहिलं पान होतं, डॉलर आणि उद्गारचिन्हांचं.

जत्रेला रंगमंचावर गेलो. दुकानदार सिंहासनावर बसला होता, डोक्यावर पुठ्ठ्याचा मुकुट. मी भाला टेकवला, वाक्य म्हटलं आणि थांबलो. समोर माणसं बसली होती, कोणी भुईमूग सोलत होतं, कोणीतरी खोकलं. राजाने दातांतल्या दातांत विचारलं, “कितें जालें रे?” मी विंगेकडे पाहिलं. काका खुर्चीवर होते, वही मांडीवर मिटलेली, हात तिच्यावर. ते पुढचा शब्द देत नव्हते. तेही थांबले होते.